युवराज बेलशस्सरला कोणी सांगायचं?

उलूलू महिना, चौथा दिवस

बलातूला काल नेलं. आज सकाळी राजवाड्याचा कारभारी नर्गल-एपुश याचा माणूस दारात उभा. म्हणाला, "रिमुत, उद्यापासून युवराजांसाठी यकृत तू वाचायचं." माझ्या तोंडून "मोठी कृपा झाली" एवढंच निघालं.

मेणाच्या फळीवर लिहायचं एक बरं असतं, नको वाटलं की अंगठ्याने पुसता येतं. म्हणून लिहितो. बलातू आणि मी एकाच गुरूकडे शिकलो. मेंढी कापायची, यकृत हातात घ्यायचं, त्यावरच्या रेघा, गाठी, भोकं पाहून देवांनी काय लिहिलंय ते सांगायचं, हा आमचा धंदा. काल बलातूने यकृत पाहून कारभाऱ्याच्या खोलीत सांगितलं की, यंदा सैन्य शहराबाहेर काढू नका. युवराजांपर्यंत त्याला जाऊच दिलं नाही. मागच्या दाराने नेला. युवराजांचाच हुकूम, असं कारभारी म्हणतो.

कुठे नेला ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

घरी बायकोला, नुप्ताला, सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. सुरी थांबली. "त्याच्या बायकोला काय सांगणार तुम्ही?" म्हणाली. नव्या पदाबद्दल एक शब्द नाही.

उलूलू, अकरावा दिवस

नदीवर जत्रेसारखी गर्दी. किशचे देव आले, अक्कदचे आले. पारसिक राजा उत्तरेकडून खाली सरकतोय, त्याच्या हाती लागू नयेत म्हणून सगळ्या गावांचे देव होड्यांत घालून बाबेलमध्ये आणताहेत. मूर्तींना गोधड्या गुंडाळल्या होत्या. एका देवीचं नाक दोरीने खरवडलं गेलं होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारी कुंभारीण उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "देवाला घरातून उठवून आणायचं म्हणजे काय! स्वतःचं घर राखता आलं नाही, ते देव आपलं काय राखणार?" लोक हसले. मी हळूच दोन माणसं सोडून पलीकडे सरकलो. हल्ली कुणाच्या शेजारी उभं राहिलं एवढंही पुरतं.

राजवाड्याच्या गच्चीवर युवराज बेलशस्सर उभे होते. बाप राजा खरा, पण तो दहा वर्षं वाळवंटात चंद्रदेवाची पूजा करत राहिला आणि राज्याचा गाडा या पोराने ओढला. आता बाप परत आलाय, सैन्य घेऊन उत्तरेला सिप्परला बसलाय, आणि शहर पुन्हा याच्याच गळ्यात. इतक्या खालून चेहरा दिसत नव्हता. पण मध्येच त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं. मागे कोणी नव्हतं.

उलूलू, सोळावा दिवस

बझीतू आली होती, बलातूची बायको. उंबऱ्याच्या आत आली नाही. "तुम्ही रोज राजवाड्यात जाता. एवढंच विचारा, जेवण पोचतं का त्याला."

विचारतो म्हणालो.

उलूलू, एकोणिसावा दिवस

विचारलं नाही. कारभारी आज खुशीत होता, पण तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी कपड्यावरची धूळ झटकू लागलो.

उलूलू, सत्ताविसावा दिवस

हे लिहू की नको, असं करत संध्याकाळ झाली.

आज मोठं वाचन झालं. उत्तरेला उपे गावाजवळ नदीकाठी पारसिकांना अडवायला सैन्य पाठवायचं की नाही, हा प्रश्न. देवांच्या कानात प्रश्न सांगितला, मेंढी कापली, यकृत काढलं. हातात घेतानाच कळलं. गुरुजींनी जिला 'वाट' म्हणायला शिकवलं, ती उजवीकडची रेघ, तिच्या मधोमध भोक. करंगळी जाईल एवढं. शिकाऊ पोरालाही अर्थ ठाऊक असतो: गेलेलं सैन्य वाटेत संपेल.

युवराज चार हातांवर होते. इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. डोळ्यांखाली काळं, दाढीला लावलेलं तेल घामाने ओघळत होतं. नखं खाल्लेली होती. राजाच्या मुलाची नखं अशी असतील, असं मला वाटलं नव्हतं. कारभारी माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मानेवर लागत होता.

मी अंगठा भोकावर ठेवला. म्हणालो, "शुभ आहे, धनी. वाट सरळ आहे."

सगळीकडे सुस्कारे. कारभाऱ्याने पाठीवर थाप मारली. युवराज मात्र हलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणखी काहीतरी ऐकायचं असल्यासारखे. मग यकृतावरच्या माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलो. त्यांना संशय आला, आता हात उचलायला सांगतील. पण ते काही न बोलता उठून गेले. वाचलो.

घरी आलो तर मुशेझिब जेवायला बसलेला. नुप्ताचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून नुप्तानेच वाढवला, धनुष्य पेलायला लागला तसा सैन्यात गेला. त्याची तुकडी परवा निघणार.

"काय दाजी, काय म्हणाली मेंढी?"

"शुभ आहे म्हणाली."

नुप्ताने माझ्याकडे पाहिलं. "खरंच? नीट पाहिलंत ना?"

"मी आज शिकतोय का यकृत वाचायला?" मी जरा जोरातच बोललो.

मुशेझिब भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत होता. मग हसला. "ताई, मेंढीचं जाऊ दे. दाजींचा चेहरा वाचायला जास्त सोपा आहे." आणि बिअरच्या मडक्यातली नळी माझ्याकडे फिरवली. "घ्या, प्या. घसा कोरडा पडलाय तुमचा."

थट्टेखोर आहे पोरगा. सैन्यातून पळालेल्याला सुळावर देतात, त्याचे किस्सेही हसत हसत सांगत बसला.

उलूलू, एकोणतिसावा दिवस

तुकडी गेली. निघताना मुशेझिबने बोटातली आईची अंगठी काढून नुप्ताला दिली. म्हणाला, "धनुष्य ओढताना रुतते." इतकी वर्षं रुतली नव्हती. असो.

माझ्या गळ्याला त्याने घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाला, "ताईला काही बोलू नका, दाजी." काय बोलू नको ते विचारायच्या आत रांगेत जाऊन उभा राहिला.

तशरीतू महिना, सहावा दिवस

काही बातमी नाही. रोज शुभ वाचतो. आता मेंढीसुद्धा नीट बघत नाही. आजची निरोगी होती की रोगट, तेही आठवत नाही.

भाकरी घशाखाली उतरत नाही. नुप्ता म्हणते, पोटाचं औषध घ्या. आज तिने माझी फळी झाकून ठेवलेली पाहिली. वाचता येत नाही तिला, तरी मी अंगावर ओढून घेतली.

तशरीतू, अकरावा दिवस

उपेला सैन्य कापलं गेलं.

आधी एक नावाडी म्हणाला, मग दुसरा, मग कोणी म्हणायचीच गरज राहिली नाही. नदीतून ढाली वाहत येताहेत. पोरं काठीने ओढून काढत होती, त्यांच्या आयांनी त्यांना फरफटत घरी नेलं.

राजवाड्यात मात्र सांगितलं की आपण जिंकलो. कारभाऱ्यानेच सांगितलं. "युवराजांच्या कानावर हे असलं घालायचं नाही. काय करायचं ते मी बघतो." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू शुभच सांगितलं होतंस. बरोबर सांगितलंस. सैन्यच नालायक निघालं."

मी मान हलवली. मान हलली याचीच लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त.

नुप्ताने दिवसभर एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून बसली. मी शेजारी जाऊन बसलो तर म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतंत ना? वाट सरळ होती ना?"

"होती."

"मग येईल तो."

तशरीतू, पंधरावा दिवस

सिप्पर पडलं. लढाईसुद्धा झाली नाही. म्हातारा राजा पळाला म्हणतात. आणि युवराजांनी आज मेजवानी ठेवली आहे. सगळ्या सरदारांना बोलावणं, आम्हा शकुन सांगणाऱ्यांनाही. माणसं कुजबुजतात की हा वेडा झाला. मला वाटतं, त्याला कोणीच काही सांगितलेलं नाही. किंवा त्याला सगळं ठाऊक आहे आणि एकटं बसवत नाही.

नुप्ता म्हणाली, जाऊ नका. न गेलो तर विचारतील, का आला नाही. गेलो तर निदान गर्दीत असेन.

तशरीतू, सोळावा दिवस, दुपार

अक्षर वेडंवाकडं येतंय, पण आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दारू भरपूर होती. यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेले सोन्याचे प्याले युवराजांनी मागवले आणि त्यांतून सरदारांना पाजली. वादक वाजवत होते. मग दिव्याजवळच्या चुन्याच्या भिंतीकडे बघून एक बाई किंचाळली. भिंतीवर एक हात लिहीत होता म्हणे, मी तो पाहिला नाही. पाहिलेले शपथेवर सांगतात की, नुसताच हात होता, मागे माणूस नव्हता. मी पाहिलं ते लिहिलेलं. ओलं होतं अजून.

युवराजांचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. त्या शांततेत त्याचा आवाज येत होता.

कारभाऱ्याने आम्हा सगळ्यांना भिंतीपुढे उभं केलं. ताऱ्यांचे जाणकार, स्वप्नांचे जाणकार, मी. वाचेल त्याला जांभळा झगा, सोन्याची साखळी, राज्यातलं तिसरं पद. आणि कोणालाच वाचता येईना. एक म्हणाला, परकी लिपी आहे. दुसरा म्हणाला, अक्षरं उलटी आहेत. मी म्हणालो, दिवा कमी आहे.

इथे तरी खरं लिहितो. साधी अरामी भाषा होती. बाजारात तीळ विकणारी बाईसुद्धा वाचेल असे शब्द, वजनांची नावं. पण जोडून वाचलं की सरळ अर्थ: तुझे दिवस मोजले, तुला तोललं, तू कमी भरलास, तुझं राज्य फोडून वाटलं. मी पहिल्या नजरेत वाचलं. माझ्या शेजारच्याचे ओठ हलले, त्यानेही वाचलं. त्याच्या शेजारच्याने डोळे मिटले होते. आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. भिंतीसमोर राज्यातले सगळे शहाणे उभे आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही.

मग राजमातेने निरोप पाठवून एका म्हाताऱ्याला आणवलं. यरुशलेमहून कैद करून आणलेल्या यहुद्यांपैकी. पाठीत वाकलेला, साधी लोकरी चादर. त्याने बक्षीस नको म्हणून सांगितलं आणि वाचलं. जे होतं तेच. एक शब्दही मऊ केला नाही.

मी डोळे मिटून घेतले. आता याचं डोकं उडणार, आणि आम्हाला उभं राहून बघावं लागणार.

काहीच आवाज झाला नाही म्हणून डोळे उघडले. युवराज स्वतः उठले होते. स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात घातली. त्यांचे हात थरथरत नव्हते. चेहऱ्यावर राग नव्हता. ताप उतरल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते. साखळी घालून झाल्यावर त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि माझ्यापाशी आल्यावर नजर खाली माझ्या अंगठ्यावर गेली.

खरं सांगणाऱ्याला त्यांनी मारलं नाही. मग बलातूला कोणी नेलं?

पहाटेच्या आत पारसिक शहरात होते. दारं कोणी उघडली ते कळलं नाही. मी नोकरांच्या बोळातून घरी आलो. युवराज बेलशस्सर मारले गेले, असं शेजारी सांगतो. त्याने ते लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही, तरी मला खरं वाटतं.

तशरीतू, एकोणिसावा दिवस

लूट नाही, आग नाही. देवळांच्या दारांवर ढालवाले उभे आहेत, पण पूजा चुकलेली नाही. लोक घाबरत घाबरत भाजी आणायला बाहेर पडताहेत आणि भाजी घेऊन धावत परत येताहेत.

कारभारी नर्गल-एपुश नव्या सुभेदाराच्या मागे उभा दिसला. टोपी तेवढी बदललीय.

तशरीतू, चोविसावा दिवस

तुरुंग उघडले. बझीतूबरोबर मी गेलो. एवढं तरी करायला हवं होतं. दारातून माणसं बाहेर येत होती, उन्हात डोळ्यांवर हात धरून. बझीतू प्रत्येकाच्या तोंडाकडे वाकून बघत होती. शेवटचा माणूस आला, मग पहारेकरी आला, मग दार रिकामं.

परतताना ती म्हणाली, "जेवण पोचतं का ते विचारलं होतंत का तुम्ही?"

मी तिच्या पुढे चालू लागलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

अरहसम्नू महिना, पाचवा दिवस

परवा पारसिक राजा शहरात आला. रस्त्यावर हिरव्या फांद्या अंथरल्या होत्या. मीही एक टाकली. सगळे टाकत होते.

आज दारात एक तरुण आला, डावा हात कोपरापासून नाही. नाव लबाशी. मुशेझिबच्या तुकडीतला. नुप्ता आतल्या खोलीत होती. तो माझ्या पाया पडला. खरोखर पडला, एका हाताने.

"तुम्हीच ना दाजी? तो दाजी दाजी म्हणून सांगायचा. त्या दिवशी बाकीच्या तुकड्या पळू लागल्या. आमचेही पाय सुटत होते. मुशेझिब पुढे आला आणि ओरडला, 'अरे, माझ्या दाजींनी स्वतः वाचलंय, वाट सरळ आहे! भ्यायचं काय त्यात?' हसत होता हो तो. त्याला बघून आम्ही उभे राहिलो. आम्ही अडवून धरलं म्हणून मागचे बरेच जण नदी पार करू शकले."

"आणि तो?" मी विचारलं.

"तो पुढेच होता." लबाशीने खाली पाहिलं. मग पटकन म्हणाला, "पण तुमचं वाचन खोटं नव्हतं, दाजी. बघा, मी वाचलो ना. आता नव्या फौजेत घेतात का बघतोय. माझ्यासाठी एक मेंढी बघाल का? पैसे नाहीत, पण लाकूड फोडून देईन." बोलताना त्याने आपल्या रिकाम्या कोपराकडे पाहिलं आणि ते कपड्याखाली ओढून घेतलं.

किती विश्वासाने गेला बिचारा मुशेझिब. माझ्या शब्दावर गेला. हे मी कुठे ठेवू?

नुप्ता दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. डोळे कोरडे होते. तिने लबाशीला बसवलं, त्याच्यापुढे भाकरी, खजूर आणि सुकी मासळी वाढली, त्याला एका हाताने मोडता येईना म्हणून भाकरी मोडून दिली. तो गेल्यावर भांडी उचलत म्हणाली, "उद्या सुभेदाराने बोलावलंय ना तुम्हाला?"

"हो."

"जे दिसेल तेच सांगा." भांडी खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "आता माझ्याकडे दुसरा भाऊ नाही."

अरहसम्नू, सहावा दिवस

सकाळी राजवाड्यात गेलो. त्या भिंतीवर नवा चुना मारलाय. बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसतो.

सुभेदार दांडगा माणूस, आमची भाषा येत नाही. मध्ये दुभाषा, सूसा शहराकडचा एक कृश तरुण, कमरेला लेखणी. प्रश्न असा की, डोंगरातल्या टोळ्यांवर हिवाळ्याआधी स्वारी करावी का. कारभारी माझ्या मागे येऊन उभा राहिला. तोच श्वास.

यकृत हातात घेतलं. वाट तुटलेली होती. भोक नव्हे, सरळ दोन तुकडे. मी बराच वेळ बघत राहिलो, कारण चांगलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं. मग अंगठा बाजूला घेतला आणि यकृत सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"अशुभ आहे," मी म्हणालो. आवाज फाटला. पुन्हा म्हणालो. "वाट तुटली आहे. जे जातील ते परत येणार नाहीत. हिवाळाभर कोणाला पाठवू नका. आधी एकदा मी असं पाहून खोटं सांगितलं होतं आणि माणसं मेली. आज तसं सांगणार नाही."

मागे कारभाऱ्याचा श्वास थांबला. मी उभा होतो. गुडघे आपटत होते, पण उभा होतो. हलकंही वाटत होतं. इतक्या दिवसांत प्रथमच भूक लागली.

दुभाषा माझ्याकडे बघत होता. चेहरा पांढरा पडला होता. त्याने सुभेदाराकडे पाहिलं, सुभेदाराच्या मांडीवरच्या तलवारीकडे पाहिलं. ओठ ओले केले. मी एवढं सगळं बोललो होतो, आणि तो बोलला फक्त एक शब्द. पारसिक सैनिक बाजारात खजूर चाखून, बोटं चाटत, आवडला की जो शब्द म्हणतात, तो.

सुभेदार मोठ्याने हसला, उठून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. बाहेर अंगणात कोणीतरी घोड्यांवर जीन चढवायला सांगितलं.

मी दुभाष्याकडे पाहिलं. तो कपड्यावरची धूळ झटकत होता.